माहीमचा वन बीएचके, पश्चिमेची ओली भिंत आणि "सगळीकडे टॉपचा वॉशेबल मारून टाकू"

मामांचं घर माहीमला आहे, समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. बिल्डिंग १९७८ची, तळमजला अधिक तीन, आणि हे तिसऱ्यावर म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. कार्पेट ४८० फूट: हॉल, बेडरूम, किचन, मधे अरुंद पॅसेज, त्याला लागून बाथरूम. बेडरूमची बाहेरची भिंत पश्चिमेला, म्हणजे जून ते सप्टेंबर पाऊस वाऱ्यासकट तिच्यावरच आपटतो. राहणारी माणसं पाच. मामा रिटायर्ड आणि त्यांना दमा, मामी, मामेभाऊ, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची मुलगी, जिला कागद सोडून सगळ्यावर चित्र काढायला आवडतं. शेवटचा रंग बऱ्याच वर्षांपूर्वीचा, आणि एप्रिल संपत आला तसा मामीचा हुकूम सुटला की गणपतीच्या आधी घराला रंग झालाच पाहिजे.

मी बिल्डिंग रिपेअरच्या साइट्सवर सुपरव्हिजन करतो त्यामुळे नातेवाइकांत कोणाच्याही घराचा पोपडा निघाला की फोन मला येतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण मुंबईतल्या जुन्या घरात पेंट निवडताना जे जे प्रश्न येतात ते जवळपास सगळे या एका घरात निघाले, आणि शेवटी एकाच घरात इतक्या वेगवेगळ्या प्रकारचे रंग लागले की मामेभाऊ म्हणाला हे घर आहे का शेड कार्ड.

आधी ठेकेदाराचं कोटेशन. पूर्ण घर, सीलिंगसकट, सगळ्यात वरच्या रेंजचा हाय शीन (जास्त चमकणारा) वॉशेबल इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा प्लास्टिक पेंट, लांबीचा (पुट्टीचा) टचअप, दोन हात (कोट), बेडरूमच्या ओल्या भिंतीला "आतून डॅम्पप्रूफ मारून देतो काका, पाच वर्ष बघायला नको", आणि त्याच भिंतीवर मामेभावाच्या हौसेखातर गडद ग्रे. रंग ३० लिटर, एकूण ९२ हजार. मामांना पटलं होतं. त्यांचा हिशोब साधा होता, महाग आहे म्हणजे चांगला आहे आणि सगळीकडे एकच आहे म्हणजे भानगड नाही.

माझं म्हणणं याच्या उलटं होतं. रंग घराला निवडायचा नसतो, भिंतीला निवडायचा असतो, आणि त्या भिंतीला पहिला प्रश्न "कुठला शेड" हा नसून "तुझ्यात पाणी येतं का, आणि येत असेल तर बाहेर कुठून जातं" हा असतो. कोरड्या भिंतीवर काहीही टिकतं, अगदी मध्यम रंगसुद्धा. ओल्या भिंतीवर जितका भारी आणि जितका प्लास्टिकसारखा रंग तितके मोठे पोपडे. हे ऐकायला विचित्र वाटतं पण कारण सोपं आहे. डिस्टेंपर म्हणजे जुन्या पद्धतीचा स्वस्त रंग, त्यात खडू पावडर भरपूर आणि बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, कमी, म्हणून सुकल्यावर त्याचा थर सच्छिद्र राहतो, हाताला भुकटी लागते, पुसायला गेलं तर निघतो, पण भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडू शकते. वरच्या रेंजच्या इमल्शनमध्ये ऍक्रिलिक बाइंडर भरपूर, थर सलग आणि घट्ट, म्हणून डाग पुसले जातात, आणि म्हणूनच आतलं पाणी अडकतं आणि थर फुगतो. म्हणजे वॉशेबल असणं आणि श्वास घेणं हे बऱ्याच अंशी एकमेकांच्या विरोधात जातात, आणि कोटेशनमध्ये हे कोणी लिहित नाही.

तर आधी भिंती तपासल्या. तीन जागी ओल दिसत होती आणि तिन्हींची कहाणी वेगळी निघाली. बेडरूमच्या पश्चिम भिंतीवर खिडकीच्या खाली आणि बाजूला पांढरी खारवट भुकटी, पोपडे, पण मे महिन्यात हात लावला तर कोरडी. पॅसेजमध्ये बाथरूमला लागून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळपट पट्टा, भर उन्हाळ्यात थंड लागणारा. बेडरूमच्या सीलिंगच्या कोपऱ्यात पिवळसर तपकिरी कडा असलेलं वर्तुळ, गच्चीची कृपा.

यासाठी मशिन लागत नाही. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. खोलीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर तो हवेतला दमटपणा, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. पॅसेजच्या प्लास्टिकमागे मे महिन्यात थेंब जमले. आता मे महिन्यात पाऊस नाही, म्हणजे हे पाणी नळाचंच. पश्चिम भिंतीचं प्लास्टिक कोरडं. इथे लोक फसतात. मुंबईत एप्रिल-मेमध्ये पावसाळी गळतीची भिंत एकदम शहाण्यासारखी वागते, पेंटर म्हणतो सुकली आहे, मारून टाकतो, आणि जुलैत तीच भिंत तोंड उघडते. कोरडी असणं आणि बरी असणं यात फरक आहे.

मग जुने थर. हॉलमध्ये रंगावर ब्लेडने फुली मारून त्यावर टेप घट्ट दाबून एका झटक्यात ओढली, फक्त एक-दोन बारीक तुकडे आले, म्हणजे पकड चांगली. बेडरूममध्ये तेच केलं तर टेपबरोबर तळहाताएवढा पापुद्रा आला आणि त्याच्या मागे पिस्ता डिस्टेंपर, त्याच्या मागे निळा डिस्टेंपर, सगळ्यात खाली बहुतेक चुना. कोणीतरी मागच्या वेळी डिस्टेंपर न खरवडताच वर प्लास्टिक पेंट चढवलेला. खालचा थरच भुकटीचा असेल तर वरचा कितीही महागाचा असो, तो भुकटीला धरून बसलाय, भिंतीला नाही. पॅसेजमध्ये जमिनीपासून चारेक फूट जुना तेलरंगाचा पट्टा होता, वरून इमल्शन मारलेला. हे कळायला कापसावर स्पिरिट घेऊन घासायचं. इमल्शन असेल तर कापसाला रंग लागतो, तेलरंग असेल तर ढिम्म. तेलरंगाच्या गुळगुळीत थरावर इमल्शन मारायचा तर आधी पॉलिश पेपरने घासून चमक मारावी लागते आणि योग्य प्रायमर लागतो, नाहीतर नखाने सोलून निघतो.

ठेकेदाराला बेडरूम पूर्ण खरवडायला सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. खरवडणं म्हणजे धूळ, मजुरी, दिवस, आणि यात त्याला काही सुटत नाही. रंगाच्या डब्यात सुटतं. हा भाग मामांना माहीत नव्हता. बऱ्याच कंपन्यांच्या डब्यात पेंटरसाठी टोकन असतं, ज्याचा त्याला फायदा मिळतो, त्यामुळे कुठला ब्रँड आणि कुठली रेंज "एक नंबर" आहे या सल्ल्यात थोडा त्याचा पण वाटा असतो. यात गुन्हा काही नाही, धंदा आहे, पण ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावं.

३० लिटरचा हिशोब पण करून बघितला. साधा ठोकताळा असा की कार्पेटला साडेतीनने गुणलं की सीलिंग धरून रंगवायचं क्षेत्र अंदाजे येतं, ४८० गुणिले साडेतीन म्हणजे १,६८० फूट. बरा इमल्शन चांगल्या तयार भिंतीवर दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० फूट जातो. म्हणजे १२-१४ लिटर, जुन्या भिंती जास्त पितात म्हणून सोळा धरू. तीस कुठून आले? विचारलं तर म्हणाला "काका, कमी पडायला नको". तेव्हापासून मामांनी सील डबे आपल्यासमोर फोडायचे आणि रिकामे डबे गॅलरीत मोजून ठेवायचे असा नियमच केला, आणि पाणीसुद्धा डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायचं. जास्त पाण्याने रंग सरसर पळतो, पेंटर खूश, पण थर पातळ होतो आणि वॉशेबल नुसतं नावापुरतं उरतं.

आता पश्चिम भिंत, कारण खरा वाद तिच्यावरूनच झाला.

ठेकेदाराचं डॅम्पप्रूफ आतून मारायचं होतं. पाणी येतंय बाहेरून, प्लास्टरच्या भेगांतून आणि छज्जाच्या सांध्यातून. आतल्या बाजूला घट्ट कोट मारणं म्हणजे भिजून आलेल्या पोराचे कपडे न बदलता वरून रेनकोट घालणं. पाणी भिंतीतच राहतं, आत वाट मिळाली नाही की वर किंवा बाजूला सरकतं आणि कोटची हद्द संपते तिथून फूटभर वर बाहेर येतं, आणि जवळ आरसीसीचा (सळई घातलेल्या काँक्रीटचा) कॉलम किंवा बीम असेल तर सळईला गंज, आणि इथे समुद्र जवळ असल्याने हवेत खार आहेच. आतून मारायच्या अशा कोटांचा उपयोग होतो, पण बाहेरची वाट बंद केल्यावर, तिच्याऐवजी नाही.

मामी म्हणाली, मग बाहेरून कर की. बाहेरची भिंत सोसायटीची. सोसायट्यांच्या मॉडेल उपविधीत (नमुना नियमावलीत) पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असं आहे, आणि गच्ची गळून वरच्या मजल्याच्या सीलिंगचं प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीकडेच. मामांनी फोटोसकट पत्र दिलं. सेक्रेटरींनी सांगितलं पावसाळ्याआधी परांची बांधून होणं शक्य नाही, दिवाळीनंतर बघू. हे खरं सांगायचं तर रास्त होतं, मे अखेरीला बाहेरचं काम काढून अर्धवट सोडण्यापेक्षा बरं. पण मग गणपती?

मामीचा मुद्दा बिनतोड होता, की आरतीला शंभर माणसं येऊन जाणार, बेडरूममध्ये चपलांपासून पर्सेसपर्यंत सगळं ठेवतात, तिथे उघडी खरवडलेली भिंत दाखवू का मी. माझा आग्रह होता की भिंत या पावसाळ्यात उघडी राहिली तर नेमकं कुठून येतंय ते दिसेल. शेवटी तोडगा असा निघाला: पश्चिम भिंत प्लास्टरपर्यंत खरवडायची, खार कोरड्या ब्रशने झाडून काढायचा (पाण्याने धुवायचा नाही, पाण्यात विरघळून तो परत आत शिरतो), लांबी अजिबात भरायची नाही, आणि नुसता पांढरा डिस्टेंपर. स्वस्तातला, फेकायचाच आहे असं समजून. पावसाळ्यात डाग पडले तर पडू दे, तेच तर बघायचंय. मामा म्हणाले त्यांच्या लहानपणी दर दिवाळीला चुन्यात नीळ घालून हेच करायचे, आणि त्यात तथ्य आहे, चुना सच्छिद्र असतो आणि इतका अल्कलाइन असतो की बुरशीला सहजासहजी धरू देत नाही. आता चुना का नाही मारला, तर तो जुन्या प्लास्टिक पेंटच्या उरलेल्या तुकड्यांवर धरत नाही, आणि तो मारणारा माणूस आता मिळायला हवा.

गडद ग्रे अर्थातच तिथून उठला. गडद रंगावर पांढरा खार लांबून दिसतो, शिवाय गडद शेडला वेगळा बेस (शेड ज्यात मिसळतात तो मूळ रंग) लागतो ज्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतं, त्यामुळे कधीकधी तिसरा हात द्यावा लागतो. मामेभावाला हॉलमधली टीव्हीची आतली भिंत मिळाली. भांडण मिटलं.

पॅसेजचं प्लंबरने एका दुपारी दाखवलं. बाथरूमच्या नळाच्या मागचा भिंतीतला जॉइंट थेंबथेंब गळत होता, शिवाय नहाणी ट्रॅपभोवतीच्या (पाणी वाहून जायच्या जाळीभोवतीच्या) टाइल्सचे सांधे उघडे. जॉइंट बदलला, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरलं, पॅसेजच्या बाजूचं कुजलेलं प्लास्टर ओल दिसते त्याच्याही फूटभर वरपर्यंत फोडलं आणि नवं केलं. आता नव्या सिमेंट प्लास्टरवर लगेच रंग नाही. आधी आठवडाभर पाणी मारून क्युरिंग, मग सुकणं, मिळून साधारण चार आठवडे. ताजं सिमेंट प्रचंड अल्कलाइन असतं, त्यावर तेलरंग मारला तर त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि थर चिकट होऊन सुटतो, इमल्शनचा शेडसुद्धा पांढुरका पडतो. ठेकेदार "पंखा लावून चार दिवसांत सुकवतो" म्हणत होता. नाही म्हटलं. पॅसेज सगळ्यात शेवटी ठेवला.

आणि याच पॅसेजला घरातला सगळ्यात महाग रंग लावला. तीन फुटी रुंदी, येता-जाता सगळ्यांचे खांदे, हात, पिशव्या घासतात, आणि छोट्या कलाकाराचं मुख्य दालन तेच. इथे टॉप रेंजचा वॉशेबल इमल्शन, हलकी चमक असलेला, पूर्ण सार्थकी लागतो कारण ही भिंत आता कोरडी आहे आणि आतल्या बाजूची आहे. फक्त एक गोष्ट वहिनीला दहादा सांगितली की पहिला महिना पुसायचं नाही. हाताला सुकलेला वाटला तरी रंगाचा थर पूर्ण तयार व्हायला तीन-चार आठवडे घेतो, पावसाळी हवेत जरा जास्तच, आणि त्याआधी ओलं फडकं जोरात फिरवलं की वॉशेबलचे पैसे फडक्याबरोबर.

हॉलमध्ये हाय शीन का नको यावरून मामा आणि मी बराच वेळ बोललो. त्यांना चमकणारी भिंत म्हणजे नवीन घर वाटतं. पण १९७८चा गिलावा हाताने ओढलेला आहे, लाटा आहेत, आणि खिडकीचा उजेड बाजूने पडतो, अशा भिंतीवर चमक आली की प्रत्येक खड्डा-उंचवटा दिसतो. संध्याकाळी ट्यूबलाइट लावून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारला आणि दाखवलं, त्यानंतर त्यांनी विषय सोडला. मॅट फिनिश खोट लपवतो, आणि पुढे इलेक्ट्रिशियनने कुठे भोक पाडलं तर मॅटचा टचअप बऱ्यापैकी मिसळून जातो, शीनचा ठिगळासारखा दिसतो. मॅटचा तोटा, जोरात घासलं की त्या जागी चमकदार डाग पडतो, तेव्हा पेन्सिल-क्रेयॉन असेल तर सौम्य साबणाचं पाणी आणि हलका हात. हॉलला मधल्या रेंजचा मॅट इमल्शन, खाली पाण्यात मिसळायचा प्रायमर, लांबी फक्त लागेल तिथे. टॉप रेंजच्या तुलनेत डब्यामागे बरीच बचत झाली आणि कोणाला फरक सांगता येत नाही.

किचनला मामीला तेलरंगच हवा होता, "पूर्वी तेलरंगच असायचा, फोडणीचा चिकटपणा सर्रकन निघायचा". बरोबर आहे तिचं, निघायचा. पण तेलरंग, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, कमी उजेडात पिवळा पडतो, आणि त्यात टर्पेंटाइनसारखं सॉल्व्हंट असल्याने वास दिवसेंदिवस राहतो, जे मामांच्या दम्याला परवडणारं नाही. लादीच्या वरची दोन फूट पट्टीच रंगवायची होती, तिथे सॅटिन फिनिशचा ऍक्रिलिक घेतला, पाण्यातला, कमी वासाचा. बाथरूमच्या सीलिंगला बुरशीरोधक इमल्शन, पण आधी काळे ठिपके पातळ ब्लीचने मारून, धुऊन, सुकवून. जाता जाता सांगतो, ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ऍसिड कधीच एकत्र वापरू नका, क्लोरीन गॅस होतो, आणि बंद बाथरूममध्ये ते महागात पडेल. आणि एक्झॉस्ट फॅन. मामांचा फॅन बंद पडलेला होता, तो न बदलता भिंतीला बुरशीरोधक मारणं म्हणजे नुसती हौस.

लाकडी खिडक्या आणि ग्रिल हा भाग लोक सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत उरकतात. इथे दोन वेगळी कारणं सावध राहायची. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं असा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला, त्याआधीच्या तेलरंगात, खास करून पिवळ्या-हिरव्या-नारिंगी शेड्समध्ये, शिसं असण्याची शक्यता भरपूर. मामांच्या खिडक्यांवर हिरव्या तेलरंगाचे थरावर थर. घरात चार वर्षांचं मूल असताना हे कोरडं घासून धूळ उडवणं म्हणजे मूर्खपणा, कारण मुलं जमिनीवर हात टेकतात आणि तोच हात तोंडात घालतात. म्हणून ओला पॉलिश पेपर, खाली प्लास्टिक, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसणं, आणि ते दिवस मुलगी तिच्या आजोळी ठाण्याला. तिला वाससुद्धा टळला. लाकडाला इनॅमलच लावला होता, त्याला पर्याय शोधायची तेव्हा ठेकेदाराची तयारी नव्हती, त्यामुळे मामांनाही तेवढे दिवस बहिणीकडे धाडलं.

ग्रिलला गंज. समुद्राजवळ ग्रिलवर मिठाचा थर बसतो, डोळ्याला दिसत नाही, पण त्यावर थेट प्रायमर मारला तर रंगाखाली मीठ ओलावा ओढतं आणि काही महिन्यांत फोड. म्हणून तारेच्या ब्रशने गंज काढून, गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण सुकवून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर, मग इनॅमलचे दोन हात. रात्रभर उघडं ठेवलं असतं तर सकाळी परत लाल.

सीलिंगच्या कोपऱ्यातलं वर्तुळ. त्यावर नुसता इमल्शन मारला तर पिवळा डाग पुन्हा वर येतो, कारण तो पाण्यात विरघळणारा असतो आणि पाण्यातला रंग त्याला परत ओढतो, त्याला आधी सॉल्व्हंटवाला डाग दाबणारा प्रायमर लागतो. पण इथे त्याचाही उपयोग नव्हता, वरून पाणी चालूच. आणखी एक, त्या कोपऱ्यात काठीने टकटक केलं तर पोकळ आवाज आला, आणि सरळ रेषेत बारीक चीर, म्हणजे आतल्या सळईला गंज चढून ती फुगतेय अशी शंका. हे पेंटरचं काम नाहीच. ३० वर्षांवरच्या इमारतीला मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, सोसायटीचं झालेलं होतं, मामांनी त्या ऑडिटरलाच बोलावून दाखवलं. सैल प्लास्टर काढून टाकलं, सळई साफ करून ट्रीटमेंट आणि पॉलिमर मॉर्टर, हे काम सोसायटीने केलं. वरून पांढरा डिस्टेंपर आणि विषय तात्पुरता बंद.

गणपतीला घर छान दिसलं. हॉल, पॅसेज, किचन नवेकोरे, बेडरूम साधी पांढरी. जुलैच्या मोठ्या पावसात पश्चिम भिंतीवर डाग आला, पण सगळीकडे नाही, खिडकीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून तिरका खाली. मामेभावाने दर आठवड्याला फोटो काढून ठेवले आणि तेच फोटो सोसायटीच्या कॉन्ट्रॅक्टरला दिले, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये परांची बांधल्यावर त्याने छज्जाचा सांधा आणि त्या पट्ट्यातल्या भेगाच आधी उघडल्या. भेगा भरून, बाहेरून ताणला जाणारा ऍक्रिलिक कोट. आम्ही आत काहीच केलं नाही, महिना-दीड महिना खिडक्या उघड्या ठेवल्या, थंडीतली कोरडी हवा फुकटची असते. जानेवारीत प्लास्टिकचा तुकडा परत लावला, कोरडा निघाला, तेव्हा डिस्टेंपर खरवडून प्रायमर, लांबी आणि मधल्या रेंजचा मॅट. ठेकेदार तोच, आणि खरवडायचे पैसे वेगळे ठरवून दिल्यावर काम मन लावून केलं त्याने.

दोन्ही टप्पे मिळून बिल ८१ हजार झालं, त्यात मालाचा भाग एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी मजुरी. प्लंबर आणि प्लास्टरचे वेगळे. म्हणजे कोटेशनपेक्षा फार स्वस्त पडलं असं नाही, फक्त पैसे डब्यांऐवजी खरवडण्यात गेले. हॉलचे उरलेले लिटरभर रंग हवाबंद डब्यात, झाकणावर शेड नंबर आणि तारीख लिहून लॉफ्टवर.

बेडरूमचं सीलिंग मात्र अजून डिस्टेंपरवरच आहे. गच्चीचा जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर) काढून नवा करायचा की वरून मेम्ब्रेन (पाणी अडवणारं आवरण) टाकायचं यावर सोसायटीत दोन पार्ट्या पडल्यात आणि तीन कोटेशन टेबलावर आहेत. मामेभाऊ विचारत होता की सीलिंगला तरी आता इमल्शन मारून घेऊ का, मी म्हटलं गच्चीचं काम होऊन एक पावसाळा जाऊ दे, तोवर दर वर्षी तीनशे-चारशे रुपयांचा डिस्टेंपर मार. मामी या उत्तरावर खूश नाहीये.